निळ्या नळीतली साखर

टोरांटोच्या रुग्णालयात १४ वर्षांच्या लिओनार्ड थॉम्पसनला जानेवारी १९२२ मध्ये इन्सुलिन टोचले गेले आणि मधुमेही मुले जगू लागली. रोजचे इंजेक्शन मात्र जन्माचे मागे लागले. ते किती घ्यायचे, हे ठरवायला घरात पुढची कित्येक दशके आधार होता तो लघवीच्या तपासणीचा.

सकाळी उठले की स्टोव्ह पेटवायचा. एकीकडे काचेची सिरिंज आणि सुई उकळायची, दुसरीकडे परीक्षानळी. अमेरिकी रसायनज्ञ स्टॅन्ली बेनेडिक्ट यांचे निळे द्रावण पाच मिलिलिटर, त्यात लघवीचे आठ थेंब. रंग निळाच राहिला तर साखर नाही. हिरवा, पिवळा, नारिंगी असा तो चढत विटकरी झाला, की घरातल्यांचे चेहरे उतरत.

पण हा निळा रंग फसवा होता. रक्तातली साखर डेसिलिटरमागे साधारण १८० मिलिग्रॅमच्या वर जाईपर्यंत मूत्रपिंडे ती लघवीत उतरू देत नाहीत. त्यामुळे साखर १५० असो की ५०, नळी निळीच. पन्नासवर आलेल्या माणसाला दरदरून घाम फुटतो, हातपाय कापतात, पुढे शुद्धही हरपते. शिवाय लघवी सांगणार ती काही तासांपूर्वीची गोष्ट. एवढ्या तुटपुंज्या माहितीवर आयांनी मुलांना इन्सुलिन देऊन वाढवले, याचे मोल इतिहासात फारसे नोंदलेले नाही.

१९६० च्या दशकात रक्ताच्या थेंबाने रंग बदलणारी पट्टी आली, १९७० च्या सुमारास तो रंग वाचणारे यंत्र. किलोभराहून जड आणि डॉक्टरांसाठीच बनवलेले. न्यूयॉर्कचे अभियंता रिचर्ड बर्नस्टाइन बाराव्या वर्षापासून मधुमेही होते. कंपनी रुग्णाला यंत्र विकेना, तेव्हा त्यांनी ते डॉक्टर पत्नीच्या नावावर घेतले, दिवसातून अनेकदा साखर मोजली आणि त्यानुसार आहार व इन्सुलिन बदलत तब्येत सावरली. वैद्यकीय नियतकालिकांनी त्यांचे लेख नाकारले. मग या गृहस्थांनी पंचेचाळिशीच्या आसपास थेट वैद्यकीय महाविद्यालयात प्रवेश घेतला!

१९९३ मध्ये १,४४१ रुग्णांवरच्या अमेरिकी-कॅनेडियन अभ्यासाचे निष्कर्ष आले. दिवसातून चार किंवा अधिक वेळा साखर मोजून इन्सुलिन काटेकोर घेणाऱ्यांमध्ये, डोळे आधी निरोगी असतील तर, दृष्टिपटलाचा विकार जडण्याचा धोका ७६ टक्क्यांनी घटला होता.

हे मोजणे आपल्या गावांपर्यंत पोचायला मात्र वेळ लागला. आपल्याकडची प्राथमिक आरोग्य केंद्रे भोर समितीच्या १९४६ च्या अहवालातून पुढे आली. त्यांचा भर बाळंतपणे, लसीकरण आणि साथीचे रोग यांवर. मधुमेहासाठीचा राष्ट्रीय कार्यक्रम थेट २०१० चा. २०२३ मध्ये भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या पाहणीने देशात सुमारे १०.१ कोटी मधुमेही असल्याचा अंदाज दिला. आता आशाताई तिशीपुढच्या माणसांचा अशा आजारांच्या जोखमीचा फॉर्म भरतात, उपकेंद्रात बोट टोचून साखर पाहिली जाते. निदान गावात होऊ लागले, ही मोठीच गोष्ट.

त्यानंतरचे रोजचे मोजणे मात्र रुग्णाच्या खिशावर. उपाशीपोटी रक्त द्यायचे म्हणून पहाटेची एसटी गाठायची, रांग धरायची आणि रोजावर जाणाऱ्याने त्या दिवसाच्या मजुरीवर पाणी सोडायचे. घरी यंत्र असले, तरी पट्ट्या संपल्या की ते फडताळात पडून राहते. इन्सुलिन घेणाऱ्यांना, निदान मुलांना तरी, औषधाबरोबर या पट्ट्याही उपकेंद्रातून नियमित आणि मोफत मिळाल्या पाहिजेत.