एका नुक्त्याचा हिशेब

जलील हे नाव आपल्या वस्त्यांत काही दुर्मीळ नाही. अरबीत हा शब्द जीम या अक्षराने सुरू होतो आणि त्याचा अर्थ थोर, प्रतापी असा आहे. अल्लाहच्या नव्याण्णव नामांपैकी हे एक. ज़ाल या अक्षराने सुरू होणारा दुसरा एक शब्द आहे, ज़लील. त्याचा अर्थ हीन, अपमानित. उर्दूत दोहोंची पहिली अक्षरेच निराळी, त्यामुळे वाचणाऱ्याची फसगत होत नाही. देवनागरीत मात्र दोहोंतला फरक ‘ज’च्या खालच्या एका टिंबावर, म्हणजे नुक्त्यावर येऊन ठेपतो. आणि मराठीत नुक्ता देण्याची रीतच नाही! ही उणीव भरून काढण्यासाठी मुस्लिम मराठी लेखक पुष्कळदा ‘झ’चा आधार घेतात. जुबेर लिहिण्याऐवजी झुबेर लिहितात, काजीऐवजी काझी.

एका जुन्या संग्रहाची संगणकीय प्रत तयार करताना आम्ही नेमके इथेच ठेचकाळलो. शेवटी लेखक-परिचयाची यादी होती. कुठे जाकीर, कुठे झाकीर, कुठे जैनब तर कुठे झैनब. एकसूत्रीपणा आणावा म्हणून पायथन या संगणकभाषेत आम्ही एका ओळीची आज्ञा लिहिली: जिथे ‘ज’ दिसेल तिथे ‘झ’ घाल. डोळ्याची पापणी लवण्याआधी काम झाले. जाकीरचा झाकीर झाला, जहीरचा झहीर झाला, आम्ही खूश. मग खाली नजर गेली. जमीलचा झमील, जावेदचा झावेद आणि जलीलचा झलील! ज्याचे नाव थोर होते तो आमच्या कृपेने हीन ठरला. घाईघाईने उलट आज्ञा दिली, ‘झ’ असेल तिथे ‘ज’ घाल. तेव्हा परिचयातला ‘माझा जन्म’ ‘माजा जन्म’ झाला आणि ‘शिक्षण झाले’चे ‘शिक्षण जाले’ झाले. मूळ फाइलीवरच काम केले होते, त्यामुळे परतीची वाट बंद.

हे असे का घडते ते समजायला फार मागे, थेट अब्बासी काळातल्या बगदादपर्यंत जावे लागते. नवव्या शतकात अल-किंदी तिथे काम करत होता. तत्त्वज्ञ म्हणून त्याचे नाव सर्वांना ठाऊक आहे. त्याने गुप्तलेखन उलगडण्यावरही एक पुस्तिका लिहिली आणि तिची प्रत इस्तंबूलच्या सुलेमानिया ग्रंथसंग्रहात टिकून राहिली. त्या काळी निरोप लपवण्याची सोपी युक्ती म्हणजे प्रत्येक अक्षराच्या जागी ठरलेले दुसरे अक्षर लिहिणे. अल-किंदीने सांगितले की, त्याच भाषेतला एक लांबलचक साधा मजकूर घ्यावा, त्यात कोणते अक्षर किती वेळा येते ते मोजावे, मग गुप्त मजकुरातल्या खुणा मोजाव्यात आणि जास्त वेळा येणारीला जास्त वेळा येणाऱ्याशी जुळवून पाहावे. मजकूर पुरेसा लांब असेल तर कुलूप उघडते. आज जगभर शिकवल्या जाणाऱ्या या पद्धतीचे सर्वांत जुने ज्ञात लिखित विवेचन हेच.

आमच्या दृष्टीने यातली खरी गोम निराळीच आहे. ते कुलूप उघडते, कारण तिथे एकास एक असा बदल झालेला असतो. अलिफची एक खूण, बेची दुसरी, तेची तिसरी. काही हरवलेले नसते, फक्त लपलेले असते. पण चार अक्षरांना मिळून एकच खूण दिली तर? मग अल-किंदीलाही हात टेकावे लागतील. ज़ाल, ज़े, ज़्वाद आणि ज़ोय ही ती चार अक्षरे. जाकीर ज़ालने लिहितात, जैनब ज़ेने, जमीर ज़्वादने आणि जहीर ज़ोयने. मराठीत चौघांचाही ‘ज’ होतो. त्यात जीमचा जमीलही येऊन बसतो, म्हणजे पाच झाले.

हे फक्त आपल्याकडेच झाले असेही नाही. १ नोव्हेंबर १९२८ रोजी तुर्कस्तानच्या संसदेने कायदा करून अरबी लिपीच्या जागी लॅटिन लिपी आणली. त्या बदलात हीच चार अक्षरे एका अक्षरात विलीन झाली. दोन्ही ‘हे’ आणि ‘खे’ मिळून एक झाली. नवी लिपी तुर्की स्वरांना अधिक सोयीची होती यात शंका नाही, पण नव्या लिपीतले नाव पाहून जुन्या लिपीत ते कसे लिहीत ते यंत्रवत सांगता येत नाही. आपल्या मोडीचेही तसेच आहे. मोडीत ऱ्हस्व-दीर्घ इकार-उकाराचा भेद पाळत नसत. मोडी कागद देवनागरीत उतरवताना जाणकार वाचक लागतो, नुसते तक्ते पुरत नाहीत.

संगणकाकडे हे काम आले ते अमेरिकेतल्या बेल लॅबोरेटरीजमध्ये. तिथे युनिक्स ही प्रणाली घडत असताना १९७३च्या सुमारास डग्लस मॅकिलरॉय यांनी ‘टीआर’ नावाची लहानशी आज्ञा लिहिली. तिला अक्षरांच्या दोन याद्या द्यायच्या. पहिल्या यादीतले अक्षर दिसले की ती दुसऱ्या यादीतले त्याच क्रमांकाचे अक्षर तिथे ठेवते. अल-किंदीच्या काळातल्या गुप्तलेखकाचा तक्ताच म्हणा ना. त्याच सुमारास ली मॅकमहॉन यांचे ‘सेड’ आले. ते सुट्या अक्षराऐवजी अक्षरांचा नमुना शोधून बदलते. १९७७मध्ये ‘ऑक’, १९८७मध्ये लॅरी वॉल यांची ‘पर्ल’ आणि १९९१मध्ये गिडो व्हान रॉसम यांची ‘पायथन’ आली. वॉल हे भाषाशास्त्र शिकलेले गृहस्थ. त्यांच्या पर्लमध्ये अक्षरबदल आणि नमुनाबदल यांसाठी दोन वेगळ्या आज्ञा आहेत, हे आम्हांला फार अर्थपूर्ण वाटते.

टीआरची एक खुबी सांगितलीच पाहिजे. समजा, एखाद्या मजकुरात ‘न’ आणि ‘ण’ यांची अदलाबदल झाली आहे आणि ती सुधारायची आहे. आधी ‘न’चा ‘ण’ करा, मग ‘ण’चा ‘न’ करा, असे एकामागून एक सांगितले तर सगळेच ‘न’ होतात. पहिल्या फेरीत दोन्ही एकत्र मिसळतात, दुसऱ्या फेरीला त्यांना वेगळे करता येत नाही. टीआर मात्र मजकूर एकदाच वाचते आणि प्रत्येक मूळ अक्षराला एकदाच हात लावते, म्हणून अदलाबदल बिनचूक होते. पायथनमध्येही ‘रिप्लेस’ आणि ‘ट्रान्सलेट’ अशा दोन सोयी आहेत त्या याचसाठी. आम्ही रिप्लेस वापरले. अर्थात ट्रान्सलेट वापरूनही जलील वाचला नसता, हे कबूल.

ही सारी साधने घडली ती इंग्रजीच्या मापाने. एक अक्षर म्हणजे एक बाइट, हा हिशेब धरून. आपल्या भाषांना त्यात जागा नव्हती, तेव्हा एक पळवाट निघाली. इंग्रजी अक्षरांच्या घरांतच देवनागरीचे आकार बसवलेले फाँट तयार झाले. पडद्यावर ‘क’ दिसतो, पण यंत्राच्या पोटात भलतेच इंग्रजी चिन्ह असते. प्रत्येक फाँटची मांडणी वेगळी, त्यामुळे एकाचा मजकूर दुसऱ्यात उघडला की गिचमिड. भारतीय मानक ब्यूरोने १९९१मध्ये ‘इस्की’ हे मानक प्रसिद्ध केले. युनिकोडचा पहिला खंडही त्याच वर्षी आला आणि त्यातला देवनागरीचा विभाग इस्कीच्या १९८८च्या आराखड्यावर बेतलेला होता. तरी छापखान्यांत जुने फाँट पुढे कितीतरी वर्षे चालले. आपल्या अनेक वार्षिकांच्या, संमेलनांच्या स्मरणिकांच्या फाइली अजून त्याच अवस्थेत कुणाच्या कपाटातल्या सीडींवर पडून असतील.

त्या फाइली सोडवायच्या तर नुसती अदलाबदल पुरत नाही. टंकयंत्राच्या रीतीने त्यात पहिली वेलांटी अक्षराच्या आधी येते. ‘किताब’ लिहिताना आधी वेलांटी, मग ‘क’. युनिकोडमध्ये क्रम उच्चाराचा, म्हणजे आधी ‘क’, मग वेलांटी. रफाराचे याच्या उलट: जुन्या फाँटात तो अक्षरानंतर येतो, तर युनिकोडमध्ये त्याचा ‘र’ आधी. म्हणजे ‘कुर्बान’मधला रफार ‘बा’च्या डोक्यावरून उचलून ‘ब’च्या आधी न्यावा लागतो. शिवाय लांब नमुने आधी आणि आखूड नंतर बदलावे लागतात, नाहीतर ‘क्ष’चे तुकडे ‘क’ म्हणून आधीच गिळले जातात.

युनिकोड आले म्हणजे प्रश्न मिटला असे मानणाऱ्यांनी नुक्त्याकडेच पाहावे. नुक्त्याचा ‘ज़’ दोन प्रकारे लिहिता येतो, एका सबंध चिन्हाने किंवा ‘ज’ आणि सुटा नुक्ता अशा दोन चिन्हांनी. डोळ्यांना दोन्ही सारखेच, यंत्राला निराळे. एक शोधले तर दुसरे सापडत नाही. ‘ॲ’ या अक्षराला युनिकोडमध्ये स्वतःचे घर मिळाले ते २००८मध्ये, त्यापूर्वी लोक ‘अ’पुढे चंद्र लावून काम भागवत. तोही मजकूर तसाच पडलेला आहे.

उर्दूची गत याहून नाजूक. अरबी ‘ये’ आणि फारसी-उर्दू ‘ये’ यांना युनिकोडमध्ये वेगळी चिन्हे आहेत. शब्दाच्या सुरुवातीला आणि मध्ये दोन्ही हुबेहूब सारखी दिसतात. ‘काफ’चेही असेच, अरबी वेगळा आणि उर्दू वेगळा. अरबी कळफलकावर टंकलेला ‘करीम’ उर्दू शोधात सापडत नाही. तेव्हा साफसफाई करणारे सगळ्या अरबी ‘ये’ उर्दू करून टाकतात. पण उर्दू लेखात मध्येच कुरआनची आयत किंवा हदीसचे अरबी वाक्य असेल तर? अरबीत शब्दाच्या शेवटी ‘ये’खाली दोन नुक्ते असतात, उर्दू ‘ये’ला ते नसतात. नुक्ते गेले की ‘अली’ हे नाव ‘अला’ असे वाचले जाते आणि त्याचा अर्थ होतो ‘वर’. (इजिप्तमध्ये शेवटच्या ‘ये’ला नुक्ते न देण्याची जुनी रीत आहे, पण तो तिथल्या वाचकाच्या सवयीचा भाग.) ज्या लिपीत खुदा आणि जुदा यांच्यात नुक्ता वर की खाली एवढाच फरक, तिथे सरसकट आज्ञा देणाऱ्याने हात जपून चालवावा.

‘अली’वरून आमचीच आणखी एक फजिती आठवली. नावातली वेलांटी सारखी करण्यासाठी ‘अली’चे ‘अलि’ करून पाहिले, तर ‘अलीकडे’चे ‘अलिकडे’ झाले. मग शब्द पूर्ण जुळला तरच बदल कर, असे सांगितले. पायथनच्या नेहमीच्या नमुनाशोधकाला शब्दाची हद्द ओळखता येते, पण तो काना-मात्रा-वेलांटीला अक्षर समजत नाही. ‘अली’ त्याच्या लेखी ‘ल’पाशीच संपते. आपली बाराखडी त्याने वाचलेलीच नाही, त्याला तरी काय बोलणार?

आता ती यादी आम्ही हाताने करत आहोत. संग्रहाची छापील प्रत मिळाली, त्यामुळे मराठी मजकूर पूर्ववत झाला. नावांसाठी एक तक्ता केला. एका रकान्यात छापलेले नाव, दुसऱ्यात उर्दू अक्षरांतले, तिसऱ्यात लेखक स्वतः मराठीत कसे लिहितो ते. यंत्राला सांगितले आहे की, बदल करायचा तो या तक्त्यातूनच, अक्षराला हात लावायचा नाही. जे हयात आहेत त्यांना फोन केले. एक भाई हसून म्हणाले, “आमचा जीमचा जलील आहे बरं का, सांभाळा!” कुणाच्या घरून निकाहनाम्याची प्रत आली, कुणी वडिलांच्या सहीचे चित्र पाठवले.

एक नाव राहिले आहे, नजीर. ज़ालने लिहिले तर सावध करणारा, ज़ोयने लिहिले तर उदाहरण, तोडीचा. लेखक हयात नाहीत. मुलगी मराठी शाळेत शिकलेली, तिने वडिलांची सही नेहमी मराठीतच पाहिली. तिच्या फुफींकडे एक जुनी वही आहे म्हणतात, त्यात त्यांनी उर्दूत नाव घातले होते. वही सापडेपर्यंत तो रकाना आम्ही रिकामा ठेवला आहे.