एका गोळीमागची चाळीस वर्षं

आमच्या एका बचत गटातली ताई रोज रात्री जेवण झालं की एचआयव्हीची गोळी घेते. एकदा तिनं आम्हाला विचारलं, "जिनं मला जगवलं ती गोळी शोधली तरी कोणी?" आम्ही गप्प बसलो. मग पुस्तकं काढून वाचलं. ताईचं नाव सांगणार नाही, पण तिच्या प्रश्नाचं उत्तर आज सगळ्यांनाच सांगतो.

त्या माणसाचं नाव आंतोनीन होली. आपल्या होळीसारखंच आडनाव, म्हणून लक्षात राहतं. जन्म १९३६ चा, युरोपातल्या प्राग शहरात. तेव्हाचा देश चेकोस्लोव्हाकिया. सेंद्रिय रसायनशास्त्र शिकून ते १९६० मध्ये प्रागच्याच एका सरकारी संशोधन संस्थेत लागले आणि जन्मभर तिथंच राहिले.

त्यांचं काम समजायला गळ्यातली साखळी डोळ्यापुढं आणा. विषाणू आपल्या पेशीत शिरतो आणि तिथल्याच कड्या घेऊन स्वतःची नक्कल, म्हणजे नवी साखळी जोडत जातो. होलींनी हुबेहूब तशीच दिसणारी कडी बनवली, पण तिला पुढचा आकडाच ठेवला नाही. विषाणू फसतो, ती कडी जोडतो, आणि पुढं काही जुळतच नाही. साखळी अर्धवट राहते.

अशा फसव्या कड्या आधीही बनल्या होत्या. पण त्या कामाला लागायला फॉस्फेटचा जोड लागतो, आणि बाहेरून लावलेला जोड शरीर तोडून टाकतं. होलींनी तिथं फॉस्फरस आणि कार्बनचा पक्का सांधा बसवला. तो शरीराला तुटत नाही. सगळी करामत त्या सांध्यात आहे.

१९७६ मध्ये जर्मनीतल्या एका परिषदेत त्यांची बेल्जियमच्या एरिक डी क्लर्क यांच्याशी ओळख झाली. त्या काळी चेकोस्लोव्हाकियात कम्युनिस्ट राजवट होती, पश्चिमेकडं जाणं-येणं सोपं नव्हतं. तरी होली प्रागमध्ये पदार्थ बनवत आणि डी क्लर्क बेल्जियममध्ये ते विषाणूंवर तपासत. १९८६ मध्ये त्यांचा पहिला मोठा शोध छापून आला. त्याच वर्षी चेन्नईत डॉ. सुनीती सोलोमन आणि त्यांची विद्यार्थिनी निर्मला यांनी भारतातला पहिला एचआयव्ही शोधला. सुनीतीबाई माहेरच्या गायतोंडे, मराठी घरातल्या.

पुढं होलींच्या हातून टेनोफोव्हिर तयार झालं. पण ते पोटातून रक्तात नीट जात नव्हतं. अमेरिकेतल्या गिलियड कंपनीच्या शास्त्रज्ञांनी त्या रेणूला आत गेल्यावर सुटणारं एक आवरण जोडलं, तेव्हा त्याची गोळी झाली. २००१ मध्ये अमेरिकेत तिला मान्यता मिळाली. होलींच्याच कामातून कावीळ 'ब' वरचं ॲडेफोव्हिर आणि एड्सच्या रुग्णांची दृष्टी वाचवणारं सिडोफोव्हिरही आलं.

औषध निघालं, पण परवडायला हवं ना? इथं एचआयव्हीसह जगणाऱ्या लोकांच्या संघटनांनी या औषधाच्या पेटंटला हरकत घेतली. २००९ मध्ये भारतात ते पेटंट नाकारलं गेलं. आपल्या कंपन्या हे औषध स्वस्तात बनवतात. आज एआरटी केंद्रात फुकट मिळणाऱ्या टीएलडी गोळीतला 'टी' म्हणजे हेच टेनोफोव्हिर.

होली १६ जुलै २०१२ रोजी गेले. त्याच दिवशी अमेरिकेत टेनोफोव्हिर असलेल्या एका गोळीला, निरोगी माणसाला एचआयव्ही होऊच नये म्हणून घेण्याची मान्यता मिळाली.

मैत्रिणींनो, ही गोळी विषाणू मुळासकट काढत नाही, त्याला वाढू देत नाही. म्हणून ती रोज हवी. खाडे झाले की विषाणूला पुन्हा साखळी जोडायला वाव मिळतो. रोज घेतली आणि तपासणीत विषाणू सापडेनासा झाला, की संबंधातून तो जोडीदाराला जात नाही. आणि एका पेल्यातून पाणी प्यायल्यानं तर तो कधीच होत नव्हता.

म्हणून पुढच्या बैठकीत एखादीचा पेला वेगळा ठेवलेला दिसला, तर तो उचला आणि सगळ्या पेल्यांत मिसळा. एका माणसानं चाळीस वर्षं खपून गोळी दिली. एवढं तरी आपण करू.