जळून गेलेल्या चित्राचा रंग कोण सांगणार?

इंटरमिजिएटच्या परीक्षेत तुमच्यापैकी अनेकांनी स्थिरचित्र काढलं असेल. समोर टेबलावर भांडं, दोन-चार फळं, मागे पडदा. व्हिन्सेंट व्हॅन गॉगची सूर्यफुलं हासुद्धा स्थिरचित्राचाच प्रकार. ऑगस्ट १८८८मध्ये फ्रान्समधल्या आर्ल गावी त्यानं सूर्यफुलांची चार तैलचित्रं रंगवली. फुलं लवकर कोमेजतात, म्हणून सूर्योदयापासून कामाला बसतो, असं त्यानं भावाला पत्रात कळवलं होतं. या चारपैकी एक चित्र आज म्युनिकला आहे, एक लंडनला आणि एक खासगी संग्रहात. चौथं मात्र आता अस्तित्वात नाही. आज आपण त्या चौथ्याबद्दल बोलू, कारण चित्राचा फोटो पुरावा म्हणून कसा वाचायचा हे त्याच्याइतकं चांगलं दुसरं कुठलं उदाहरण शिकवत नाही.

गडद निळ्या पार्श्वभूमीवर सहा सूर्यफुलं असं ते चित्र होतं. जपानमधले व्यापारी कोयाता यामामोतो यांनी ते १९२०मध्ये विकत घेतलं. ५-६ ऑगस्ट १९४५च्या रात्री आशिया या शहरावर हवाई हल्ला झाला आणि यामामोतो यांच्या घराबरोबर चित्रही जळालं. मागे उरल्या त्या त्याच्या प्रतिमा. २०१३मध्ये कलासमीक्षक मार्टिन बेली यांनी १९२१ साली छापलेली एक रंगीत प्रत प्रसिद्ध केली. जपानी लेखक मुशानोकोजी सानेआत्सू यांच्या स्मारक संग्रहालयात ती जपून ठेवलेली होती.

आता संशोधक म्हणून स्वतःला विचारा: या छापील प्रतीवरून आपण नक्की काय सिद्ध करू शकतो?

रचनेपासून सुरुवात करू. फुलं किती, भांड्यात किती, टेबलावर किती, हे प्रतीत स्पष्ट दिसतं. इथे प्रत भरवशाची आहे.

दुसरी गोष्ट चौकटीची. या प्रतीत चित्राभोवती नारिंगी कड दिसते. आधी प्रसिद्ध असलेल्या प्रतिमांत ती दिसत नव्हती. मग ही कड खरी कशावरून? व्हॅन गॉगनं मित्र एमिल बर्नारला लिहिलेल्या पत्रात सूर्यफुलांच्या चित्रांना नारिंगी रंगवलेल्या लाकडी पट्ट्यांची चौकट करण्याचा उल्लेख आहे. पत्र आणि छापील प्रत ही दोन साधनं एकमेकांपासून स्वतंत्र आहेत आणि दोन्ही एकच सांगतात. इतिहासात विधानाला वजन येतं ते असं. निळ्यासमोर नारिंगी ठेवणं हा चित्रकाराच्या रंगयोजनेचाच भाग होता. म्हणजे कुणी फोटो ‘नीटनेटका’ करायला कडा कापतो, तेव्हा तो पुरावाच कापत असतो!

तिसरी गोष्ट रंगाची, आणि इथे पाय जपून टाका. १९२१ची प्रत चित्र रंगवल्यानंतर ३३ वर्षांनी छापलेली. व्हॅन गॉग वापरायचा त्यातले काही रंग प्रकाशात टिकत नाहीत. क्रोम पिवळ्याचे काही प्रकार काळवंडून तपकिरी होतात, काही लाल रंग फिके पडतात. त्याच्या ‘शयनगृह’ चित्रातल्या भिंती त्यानं पत्रात फिकट जांभळ्या सांगितल्यात, आज त्या निळ्या दिसतात, कारण मिश्रणातला लाल उडून गेला. त्यात छपाईची शाई वेगळी, कागद वेगळा आणि त्या कागदाचंही वय आता शंभरच्या पुढे. त्यामुळे ‘पार्श्वभूमी गडद निळी होती’ हे विधान चालेल. ‘ती नेमकी या छटेची होती’ हे चालणार नाही. २०१४मध्ये जपानच्या ओत्सुका संग्रहालयानं या चित्राची सिरॅमिकमध्ये मूळ आकाराची प्रतिकृती केली. ती पाहायला सुंदर आहे, पण तुमच्यासाठी ते २०१४चं साधन आहे, १८८८चं नव्हे.

कृष्णधवल फोटो याहून फसवे असतात. सुरुवातीच्या फोटोप्लेट फक्त निळ्या-जांभळ्या प्रकाशाला प्रतिसाद द्यायच्या. अशा प्लेटवर निळी पार्श्वभूमी पांढुरकी येणार आणि पिवळी फुलं काळपट, म्हणजे डोळ्यांना दिसतं त्याच्या बरोब्बर उलट! १८७३मध्ये हर्मान फोगेल यांनी प्लेटच्या लेपात विशिष्ट रंगद्रव्यं मिसळून तिला हिरवा प्रकाशही टिपता येतो हे दाखवलं. लालसकट सगळे रंग टिपणाऱ्या प्लेट बाजारात यायला १९०६ उजाडलं. तेव्हा जुन्या फोटोवरून ‘चित्रकारानं इथे गडद छटा वापरली’ असं लिहिण्याआधी फोटो कुठल्या काळातला आणि कुठल्या प्लेटवरचा, ते शोधा.

आता उद्या तुम्हीच एखाद्या संग्रहालयात तैलचित्राचा फोटो काढणार आहात असं समजा. रीतसर परवानगी घेतल्यावर एवढं कराच:

कॅमेरा चित्राला समांतर ठेवा, नाहीतर आयताचा पतंग होतो. एकाच प्रकारचे दोन दिवे दोन्ही बाजूंनी साधारण ४५ अंशांवर लावा आणि खोलीतले बाकीचे दिवे बंद करा. तैलरंग आणि वॉर्निश चमकतात, आणि चमकेखाली गडद रंग फिके दिसतात. ती चमक कमी करायला दिव्यांवर आणि लेन्सवरही पोलरायझिंग फिल्टर लावता येतो. चित्राशेजारी रंगपट्टी ठेवून किमान एक फोटो घ्या. २४ चौकोनांची जी पट्टी आज सर्रास वापरतात ती १९७६पासूनची आहे. ती फोटोत असली की पुढच्या संशोधकाला तुमच्या दिव्यांमुळे रंगात पडलेला फरक काढून टाकता येतो. फाइल रॉ स्वरूपात जपा, मोबाइलचे ‘सुंदर’ करणारे फिल्टर बंद ठेवा. एक फोटो एकाच बाजूच्या तिरप्या उजेडात घ्या, त्यात रंगाचे जाड थर आणि भेगा उठून दिसतात. चौकट आणि कॅनव्हासची मागची बाजूही घ्या. जुने शिक्के, चिठ्ठ्या तिथेच सापडतात.

आणि तारीख, दिवे, कॅमेरा, फाइलवर नंतर केलेले बदल, हे सगळं त्याच दिवशी वहीत उतरवा. कंटाळवाणं काम आहे, मान्य. पण यामामोतोंच्या घरातलं चित्र जळेल असं १९२१मध्ये कुणाला वाटलं होतं? ती प्रत काढताना मूळ रंगांची दोन ओळींची नोंद कुणी सोबत ठेवली असती, तर त्या निळ्याबद्दल आज आपल्याला आणखी पुष्कळ बोलता आलं असतं.