मिरचीचें कूळ आणि तिखटाचें माप

महाराष्ट्रीय स्वयंपाकांतून मिरची काढून घेतली तर मागें काय उरेल, असा प्रश्न कोणी केल्यास पुष्कळ गृहिणी त्यास थट्टा समजतील. पिठल्यास मिरची, आमटीस तिखट, कोशिंबिरीच्या फोडणीस मिरचीचा तुकडा, आणि दुसरें कांहींच नसलें तर भाकरीबरोबर नुसता ठेचा, असा आपला नित्यक्रम आहे. भाषेनेंही तिला घरची मानली आहे. 'तिखट' हें मूळचें विशेषण. पण आज तें नाम होऊन बसलें असून डब्यांतल्या लाल पुडीखेरीज त्याचा दुसरा अर्थ सहसा मनांत येत नाहीं. कोणाच्या नाकास मिरच्या झोंबतात, तर कोणी साध्या गोष्टीस तिखटमीठ लावून सांगतो. इतक्या जवळची ही वस्तु आपल्याकडे येऊन अवघीं पांचशें वर्षें झालीं आहेत, आणि तिच्या तिखटपणाचा शरीरांतील उलगडा तर १९९७ सालीं झाला. या दोन गोष्टी ठाऊक असल्या म्हणजे बाजारांत मिरची निवडतांना आपली नजर पुष्कळ निवळते, असें आम्हांस वाटतें. म्हणून तिचें कूळ आणि तिचा गुण या दोहोंचा येथें थोडा विचार करूं.

आपल्या पूर्वजांस तिखट रुचि ठाऊक नव्हती असें मात्र कोणी समजूं नये. षड्रसांत 'कटु' हा रस आहे, आणि आयुर्वेदांतला 'कटु' म्हणजे आपला तिखट. आपण ज्यास कडू म्हणतों त्यास तेथें 'तिक्त' असें नांव आहे. पण हा कटु रस कोणत्या द्रव्यांचा? वैद्यांचें प्रसिद्ध 'त्रिकटु' घ्या: सुंठ, मिरीं आणि पिंपळी. त्यांत मिरची नाहीं. कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर यानें बाराव्या शतकाच्या पूर्वार्धांत रचविलेल्या 'मानसोल्लासां'त राजाच्या भोजनाचें सविस्तर वर्णन आहे. तेथें मिरीं, आलें, हिंग हीं आहेत, मिरची नाहीं. गार्सिया द ओर्ता या पोर्तुगीज वैद्यानें हिंदुस्थानांतील औषधि द्रव्यांवर लिहिलेला ग्रंथ १५६३ सालीं गोव्यांत छापला गेला. त्यांत मिऱ्यांवर स्वतंत्र संवाद आहे, मिरचीवर नाहीं. अकबराच्या पाकशाळेची तपशीलवार माहिती देणाऱ्या 'ऐने अकबरी'त, म्हणजे १५९० च्या सुमारासही, तिखटाचें काम मिरीं व आलें यांजकडेच आहे. तेव्हां ज्ञानेश्वरांच्या काळचा, किंबहुना यादवांच्या मुदपाकखान्यांतलाही, तिखट पदार्थ मिऱ्याचाच होता हें उघड आहे.

मिरचीचें माहेर अमेरिका खंड. मेक्सिकोपासून बोलिव्हियापर्यंतच्या प्रदेशांत तिच्या रानटी जाती आढळतात, आणि इक्वाडोरांतील उत्खननांत भांडीं व दळण्याचे दगड यांवर सांपडलेल्या पिष्टकणांवरून सुमारें ६००० वर्षांपूर्वीं तेथील लोक मिरची खात होते हें सिद्ध झालें आहे. १४९२ सालीं कोलंबस निघाला तो आपल्या मिऱ्यांच्या शोधार्थ. त्यास मिरीं मिळालीं नाहींत. पण बेटांतील लोक 'अही' नांवाचें एक तिखट फळ खातात, आणि तें मिऱ्यांहून सरस आहे, अशी नोंद त्यानें १४९३ च्या जानेवारींत आपल्या रोजनिशींत केली. स्पेनच्या लोकांनीं या फळास मिऱ्याचेंच नांव दिलें. पुढें तर मोठाच घोटाळा झाला. लिओनहार्ट फुक्स या जर्मन वनस्पतिशास्त्रज्ञानें १५४२ सालीं आपल्या ग्रंथांत मिरचीचें चित्र छापलें आणि तिला 'कालिकतचें मिरें' म्हटलें! म्हणजे कोलंबसाच्या सफरीस पन्नास वर्षें होतात न होतात तोंच युरोपांतील विद्वान् मिरचीस हिंदुस्थानची मानूं लागले होते. १७७६ सालीं जाक्वीं या शास्त्रज्ञानें तिच्या एका जातीस 'चिनी' हें विशेषण लावलें. ती जातही अमेरिकेचीच, पण तें चुकीचें नांव शास्त्रांत आजतागायत कायम आहे. ज्या देशांत ती गेली तेथें ती इतकी रुळली कीं तिचें माहेर कोणास आठवेना.

आपल्याकडे ती पोर्तुगीजांच्या गलबतांतून आली. १५०० सालीं ब्राझीलचा किनारा त्यांना लागला आणि १५१० सालीं गोवें त्यांच्या हातीं गेलें. या दोन किनाऱ्यांमधील जलमार्गानें मिरची, काजू, अननस अशीं फळें इकडे आलीं. आपल्या लोकांनीं या पाहुणीस ओळखीचें नांव दिलें. संस्कृत 'मरिच' यापासून 'मिरीं', आणि त्याच कुळांतली 'मिरची'. कोंकणींत तिला 'मिरसांग' म्हणतात. त्यांतही मिरें दडलेलेंच आहे. पण पाहुणी आली आणि यजमानीण झाली ती कशाच्या बळावर? याचें उत्तर शेतांत आहे. मिऱ्याची वेल दमट हवेची, मलबारच्या पावसांत वाढणारी. देशावर ती लागत नाहीं. तिचा माल परदेशीं जावयाचा आणि त्याचा भाव व्यापाऱ्यांच्या हातीं. मिरचीचें तसें नाहीं. मूठभर बीं टाकलें कीं परसांत रोप उगवतें, थोड्या पाण्यावर जगतें, कांहीं महिन्यांत फळतें, आणि वाळवलेलें फळ वर्षभर टिकतें. जी तिखट चव पूर्वीं पैसे मोजून विकत घ्यावी लागे ती दख्खनच्या कुणब्यास आपल्या बांधावर फुकट मिळूं लागली. कोरड्या भाकरीस चव आणणारी इतकी स्वस्त वस्तु दुसरी नव्हती. मिरचीचा विजय हा गरिबाच्या ताटांतून झालेला विजय आहे.

धर्माचारानें या पाहुणीस कसें वागविलें हें पाहणेंही मनोरंजक आहे. पुरीच्या जगन्नाथाच्या महाप्रसादांत बटाटा, टोमॅटो आणि मिरची यांस मज्जाव आहे. तेथें मिरीं चालतात. तमिळ ब्राह्मणांच्या श्राद्धान्नांतही मिरचीऐवजीं मिरींच घालतात. आपल्याकडे मात्र एकादशीच्या दिवशीं साबुदाण्याची खिचडी होते, तींत हिरवी मिरची, बटाटा आणि शेंगदाण्याचें कूट असतें. मिरची, बटाटा व भुईमूग हीं तिन्ही अमेरिकेचीं. साबुदाणा ज्या कंदापासून आपल्याकडे बनवितात तोही तेथलाच. गहूं, तांदूळ हीं आपलीं जुनीं धान्यें त्या दिवशीं वर्ज्य, आणि हे चार परदेशीय पदार्थ पवित्र! यांत हंसण्यासारखें कांहीं नाहीं. आपली म्हणून जी परंपरा आपण सांगतों ती पुष्कळदां चार-पांचशें वर्षांच्या निवडीनें बनलेली असते, एवढेंच यावरून घ्यावयाचें. आपल्या पूर्वजांनीं डोळस निवड केली. ती आपणही केली पाहिजे.

निवड करावयाची तर तिखटपणा म्हणजे काय हें आधीं समजलें पाहिजे. मिरचींतील तिखट द्रव्य स्फटिकरूपानें वेगळें काढून जॉन थ्रेश या इंग्रज रसायनज्ञानें १८७६ सालीं त्यास 'कॅप्सेसिन' हें नांव दिलें. तें फळाच्या आंतील पांढऱ्या शिरांत, म्हणजे जेथें बिया चिकटलेल्या असतात त्या भागांत, तयार होतें. बियांत तिखट असतें हा समज खरा नाहीं. त्यांस जो तिखटपणा येतो तो या शिरांच्या शेजारानें. आतां, जिभेवर हें द्रव्य पडलें असतां होतें काय? १९९७ सालीं कॅलिफोर्नियांतील डेव्हिड ज्युलियस व त्यांचे सहकारी यांनीं दाखवून दिलें कीं आपल्या मज्जातंतूंत उष्णतेची वर्दी देणारें एक द्वार असतें, आणि तें सुमारें ४३ अंश सेल्सिअसच्या वर उघडतें. कॅप्सेसिन तेंच द्वार थंड असतांही उघडतें. जीभ भाजल्याची खबर मेंदूस पोंचते. वस्तुतः भाजलेलें कांहींच नसतें. या शोधाबद्दल ज्युलियस यांस २०२१ सालचें नोबेल पारितोषिक विभागून मिळालें. अर्थात् आजच्या शास्त्राच्या दृष्टीनें तिखट ही गोड-आंबटासारखी रुचि नसून ती एक प्रकारची वेदना आहे. पक्ष्यांचें हें द्वार कॅप्सेसिननें उघडत नाहीं. ते मिरची खुशाल खातात आणि तिचें बीं दूरवर नेऊन टाकतात. बीं चावून टाकणारे उंदरासारखे प्राणी मात्र तिच्यापासून दूर राहतात. झाडानें आपल्या वंशरक्षणासाठीं केलेली ही योजना आहे. मनुष्य तेवढा तीस न जुमानतां वेदनेंतच गोडी मानूं लागला.

हें द्रव्य पाण्यांत फारसें विरघळत नाहीं, स्निग्ध पदार्थांत विरघळतें. म्हणून ठसका लागल्यावर तांब्याभर पाणी पिऊन उपयोग होत नाहीं. दूध, दहीं, ताक यांनीं लवकर आराम पडतो. ठेच्यावर तेल घ्यावें, पिठल्याबरोबर दहीं असावें, कोल्हापुरास तांबड्या रश्श्याशेजारीं पांढरा रस्सा मांडावा, हे शिरस्ते आपल्या लोकांनीं रसायनशास्त्र न शिकतां अनुभवानें बसविले आहेत.

तिखटाचें माप काढण्याचा पहिला नामांकित प्रयत्न अमेरिकेंतील विल्बर स्कोव्हिल या औषधनिर्मात्यानें १९१२ सालीं केला. मिरचीचा मद्यार्कांत काढलेला अर्क साखरेच्या पाण्यांत उत्तरोत्तर पातळ करीत जावयाचा, आणि चाखणाऱ्यांस तिखटाची जाणीव अगदीं लोपेपर्यंत किती पट पाणी लागलें तो आंकडा मांडावयाचा, अशी त्याची रीत होती. आतां यंत्रानें कॅप्सेसिनचें प्रमाण मोजतात, पण आंकडा स्कोव्हिलच्याच नांवानें सांगतात. या मापानें ढोबळी मिरची शून्य आहे; शुद्ध कॅप्सेसिन १ कोटि ६० लक्ष. आसाम-नागालँडकडील भूत जोलोकिया २००७ सालीं १० लक्षांच्या पुढें गेली म्हणून जगांतील सर्वांत तिखट ठरली; २०२३ सालीं अमेरिकेंतील एका नव्या वाणानें २६ लक्ष ९३ हजारांचा आंकडा गांठला. या चढाओढींत मौज असेल. जेवणाशीं तिचा संबंध नाहीं. शिवाय एकाच झाडावरच्या दोन मिरच्याही सारख्या तिखट नसतात, आणि पाण्याचा ताण पडलेलें पीक बहुधा अधिक तिखट उतरतें. आंकडा दिशा दाखवितो, हुकूम करीत नाहीं.

खरी गोष्ट अशी कीं मिरचींत तीन गुण निरनिराळे असतात: रंग, स्वाद आणि तिखटपणा. रंगाचीं द्रव्यें वेगळीं, तिखटाचें वेगळें. म्हणून लालभडक दिसणारी मिरची तिखट असेलच असें नाहीं. आपल्याकडील जुनीं नांवें हा भेद अचूक सांगतात. हावेरी जिल्ह्यांतील गांवाचें नांव मिरविणारी ब्याडगी सुरकुतलेली, गडद रंगाची आणि सौम्य. तींतही 'डब्बी' आंखूड व जाड, 'कड्डी' लांब व बारीक. काश्मिरीचाही लौकिक रंगासाठींच. संकेश्वरी लांब, पातळ सालीची, रंगाबरोबर तिखटही देणारी. लवंगी नांवाप्रमाणेंच लवंगेएवढी बारीक, पण झणका असा कीं दोन पुरेत. गुंटूरची जाड सालीची आणि चांगली तिखट. नागपूर जिल्ह्यांतील भिवापुरीही तिखटच. गोव्यांत काणकोणकडील खोला मिरची रंग व माफक तिखट यांसाठीं नांवाजलेली. आणि नवल असें कीं यांतील बहुतेक सर्व, ढोबळीसुद्धां, शास्त्रदृष्ट्या एकाच जातीचीं भावंडें आहेत.

तेव्हां मिरची घेतांना आधीं आपणांस तिजकडून काय पाहिजे तें ठरवावें. मुलें व वृद्ध असलेल्या घरीं साठवणीच्या तिखटांत ब्याडगीचा किंवा काश्मिरीचा भाग मोठा ठेवून तिखटापुरती थोडी संकेश्वरी अथवा गुंटूर मिसळावी. रंग साजरा येतो आणि कोणाच्या डोळ्यांस पाणी येत नाहीं. झणझणीत खाणाऱ्यानें हेंच प्रमाण उलटें करावें. हिरव्या मिरचींत साधारणतः जाड, फिकट फळ सौम्य आणि बारीक, गर्द फळ तिखट; चीर देऊन शिरा काढल्या कीं तिखट पुष्कळ उतरतें. वाळलेली मिरची देंठासकट, चकचकीत व कुबट वास नसलेली घ्यावी. पांढरे डाग पडलेली नाकारावी. शक्य तों ती अखंड घेऊन डोळ्यांदेखत कुटवावी. २००५ सालीं इंग्लंडांत शेंकडों तयार खाद्यपदार्थ बाजारांतून परत घ्यावे लागले; त्यांत वापरलेल्या, हिंदुस्थानांतून गेलेल्या मिरचीपुडींत 'सूदान' नांवाचा अपायकारक रंग सांपडला होता. अखंड मिरची असें खोटें बोलूं शकत नाहीं.

आज जगांतील सर्वांत अधिक वाळलेली मिरची हिंदुस्थानांत पिकते. असें असून शहरांतल्या पुष्कळ घरीं 'तिखट' आणि 'कमी तिखट' एवढेच दोन शब्द उरत चालले आहेत, आणि ब्याडगी, संकेश्वरी, लवंगी हीं नांवें वृद्धांच्या बोलण्यांत तेवढीं ऐकूं येतात. नांव गेलें कीं मागणी जाते, मागणी गेली कीं वाण जातें. ब्याडगी, भिवापुरी, खोला यांस अलीकडे भौगोलिक मानांकन मिळालें आहे हें चांगलें झालें. पण वाणाचें खरें रक्षण पिशवी घेऊन बाजारांत गेलेल्या गिऱ्हाइकाच्या हातीं आहे. अधिक तिखट खाणें हा मर्दपणा नाहीं आणि कमी खाणें हा कमीपणा नाहीं. पांचशें वर्षांपूर्वीं आलेल्या एका परक्या फळांतून आपल्या लोकांनीं गांवोगांव निराळा रंग व निराळा स्वाद पारखून काढला. दुकानदारानें 'कोणती देऊं?' असें विचारलें असतां आपणांस एखादें नांव सांगतां यावें, इतकी तरी ती पारख आपल्या घरांत टिकावी.