रानम्हैस : गोठ्यातील म्हशीची दुर्मीळ पूर्वज

भारतात २०१९ च्या पशुगणनेनुसार सुमारे ११ कोटी म्हशी आहेत. ज्या रानम्हशीपासून हे पशुधन निर्माण झाले, तिची जगभरातील संख्या मात्र चार हजारांच्या आत असावी, असा अंदाज आहे.

अनेकजण गव्यालाच रानरेडा समजतात. वास्तविक राधानगरी-दाजीपूरच्या जंगलात दिसणारा गवा ही वेगळी प्रजाती होय. रानम्हैस (बुबालस अर्नी) पाणथळ गवताळ प्रदेशात राहते. तिची शिंगे लांब व बाकदार असून त्यांचा पसारा दोन मीटरपर्यंत जाऊ शकतो. घामाच्या ग्रंथी कमी असल्याने अंग थंड ठेवण्यासाठी ती पाण्यात वा चिखलात डुंबते. गोठ्यातील म्हशीतही ही सवय टिकून आहे.

पाळीव म्हशींचे दोन प्रकार आहेत. नदीकाठच्या म्हशीत ५० गुणसूत्रे असतात, तर आग्नेय आशियात शेतकामासाठी वापरल्या जाणाऱ्या दलदली म्हशीत ४८. मुऱ्हा, जाफराबादी, तसेच महाराष्ट्रातील पंढरपुरी, नागपुरी व मराठवाडी या जाती पहिल्या प्रकारात मोडतात. तलवारीसारख्या लांब शिंगांमुळे पंढरपुरी म्हैस चटकन ओळखू येते.

रानम्हशींचे सर्वांत मोठे कळप आज आसामात, विशेषतः काझीरंगा व मानसमध्ये आहेत. मध्य भारतात छत्तीसगडमधील इंद्रावती व उदंती परिसरात आणि गडचिरोलीतील कोलामार्का येथे त्या तुरळक उरल्या आहेत. कोलामार्काला २०१३ मध्ये संवर्धन राखीव क्षेत्राचा दर्जा मिळाला. छत्तीसगडचा हा राज्यप्राणी असून उदंतीतील एका मादीच्या पेशींपासून कर्नालच्या राष्ट्रीय दुग्ध संशोधन संस्थेत २०१४ मध्ये क्लोन केलेले वासरू जन्मले. २०२० मध्ये आसामातून रानम्हशी छत्तीसगडमधील बारनवापारा अभयारण्यात आणण्यात आल्या.

वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत समावेश असूनही तिच्यावरील संकट टळलेले नाही. शिकार व अधिवासाचा नाश ही त्याची परिचित कारणे. याखेरीज जंगलात चरणाऱ्या पाळीव म्हशींशी संकर होऊन मूळ वाण पातळ होतो. लाळ्या-खुरकतासारखे रोगही त्यांच्यामार्फत पसरतात. म्हणजे वंशजच पूर्वजाच्या मुळावर आले आहेत. त्यामुळे केवळ शिकारबंदी पुरेशी ठरणार नाही. जंगलालगतच्या गावांतील जनावरांचे नियमित लसीकरण आणि त्यांच्यासाठी स्वतंत्र चराईची सोय, हेही रानम्हशीच्या संरक्षणाचेच काम आहे.