चोपण माती आणि धनायन-विनिमय

नागपुरात धंतोलीच्या उत्तरेस असलेली सीताबर्डीची टेकडी दख्खनच्या बेसाल्ट खडकाच्या पूर्व सीमेजवळ उभी आहे. येथून पश्चिमेस वऱ्हाडात गेले म्हणजे याच खडकाच्या झिजेतून झालेली काळी, चिकण माती दूरवर पसरलेली दिसते. या मातीच्या बिघाडाला मराठी शेतकऱ्याने दोन निराळी नावे दिली आहेत. जिच्यावर क्षारांचा पांढरा थर येतो ती जमीन खारवट; जी ओली असता निसरडी व वाळली असता दगडासारखी टणक होते, जिच्यात पाणी मुरत नाही, ती चोपण. या भेदाचे कारण सांगण्यास रसायनशास्त्राला दीर्घकाळ लागला.

त्याचा आरंभ इंग्लंडात झाला. यॉर्कचे जमीनदार एच. एस. थॉम्प्सन यांनी अमोनियम सल्फेटचे द्रावण मातीतून गाळले असता अमोनिया मातीतच राहिला आणि खाली जिप्सम उतरले. जे. टॉमस वे यांनी 1850 व 1852 च्या निबंधांत दाखविले की, हे कार्य प्रामुख्याने मातीतील चिकण अंशाचे असून एका आम्लारीची जागा दुसरी तुल्य प्रमाणात घेते. जर्मनीतील लीबिग यांना हे मत मान्य झाले नाही. वे यांचीही एक समजूत पुढे टिकली नाही. हा विनिमय उलटत नाही असे त्यांना वाटे. तो उलटविता येतो, असे नंतरच्या संशोधनाने ठरविले.

वे यांच्याजवळ ‘आयन’ ही कल्पना आजच्या अर्थाने नव्हती. आऱ्हेनियस यांचा आयनीभवनाचा सिद्धांत 1887 सालचा. त्यामुळे ‘आम्लारि-विनिमय’ ही संज्ञा बराच काळ चालली आणि पुढे तिची जागा ‘धनायन-विनिमय’ या संज्ञेने घेतली. हा बदल केवळ शब्दांचा नव्हे. 1930 च्या सुमारास क्ष-किरणांनी चिकणमातीचे कण स्फटिकमय असल्याचे दाखविले. सिलिका व ॲल्युमिना यांच्या पातळ पत्र्यांत सिलिकॉनच्या जागी ॲल्युमिनियम किंवा ॲल्युमिनियमच्या जागी मॅग्नेशियम बसले, म्हणजे कणावर ऋणभार उरतो. तो फेडण्यासाठी कॅल्शियम, मॅग्नेशियम, पोटॅशियम, सोडियम यांचे धनायन पृष्ठभागाशी खिळून राहतात. केओलिनाइटची विनिमय-क्षमता दर 100 ग्रॅममागे 3 ते 15 मिलितुल्यांक असते. काळ्या मातीत मुख्यतः आढळणाऱ्या स्मेक्टाइट वर्गातील खनिजांची मात्र ती साधारणतः 80 ते 120 असते.

चोपण जमिनीचे रहस्य येथेच आहे. द्विभारी कॅल्शियम कणांना एकत्र धरून ठेवतो. एकभारी सोडियम भोवती पाण्याचे जाड वेष्टण बाळगतो. त्याचे प्रमाण वाढले की कण विखुरतात आणि मातीची छिद्रे बुजतात. खारवट जमिनीतील क्षार पाण्यात विरघळलेले असतात, तर चोपण जमिनीतील सोडियम कणालाच चिकटलेला असतो. म्हणून निचरा असल्यास पहिली पाण्याने धुता येते. दुसरीला आधी जिप्सम द्यावे लागते. जिप्सममधील कॅल्शियम सोडियमला हुसकावतो. थॉम्प्सन यांच्या प्रयोगात कॅल्शियम बाहेर पडला होता; येथे तो आत शिरतो.

अकोला, अमरावती व बुलढाणा जिल्ह्यांतील पूर्णा खोऱ्याचा खारपाण पट्टा हे याचे जवळचे उदाहरण होय. नागपुरात 1976 साली राष्ट्रीय मृदा सर्वेक्षण व भूमि उपयोग नियोजन ब्युरो स्थापन झाल्यानंतर या मातीचा बारकाईने अभ्यास होऊ लागला. अर्धशुष्क हवामानात कॅल्शियम हा कार्बोनेटच्या रूपाने साचून अलग पडतो आणि विनिमयस्थानी सोडियमचा वाटा वाढतो, असे त्यातून दिसून आले. अमेरिकेतील क्षारता प्रयोगशाळेने 1954 साली विनिमयक्षम सोडियमची 15 टक्के ही मर्यादा रूढ केली होती. परंतु बालपांडे, देशपांडे व पाल यांच्या 1996 च्या निबंधाप्रमाणे पूर्णा खोऱ्यात सुमारे 5 टक्क्यांपासूनच निचरा बिघडतो.

म्हणजे परदेशी मोजमाप जसेच्या तसे लावले, तर जी जमीन पाणी मुरू देत नाही तीही कागदावर निर्दोष ठरते आणि तिच्या धन्याला उपचाराचा सल्ला मिळत नाही. शेतकऱ्याने ‘चोपण’ हे नाव टक्केवारी मोजून दिलेले नाही. ते पाण्याचे वागणे पाहून दिलेले आहे. पूर्णा खोऱ्यातील संशोधनानेही शेवटी मातीतून पाणी किती वेगाने वाहते, याच कसोटीला महत्त्व दिले. पारिभाषिक संज्ञा ठरविताना लोकभाषेतील अशा शब्दांची नोंद प्रथम घेणे म्हणूनच आवश्यक आहे.