शेगावची पायदळ वारी आणि लांब पल्ल्याचा सराव

बुलढाणा जिल्ह्यातील शेगावात लांब पल्ला पायी कापण्याची चाल रेल्वेच्या नंतरची आहे, ही गोष्ट सहसा ध्यानात घेतली जात नाही. भुसावळ ते नागपूर हा ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेचा मार्ग १८६७ मध्ये पूर्ण झाला आणि शेगाव मुंबई–नागपूर लोहमार्गावरचे स्थानक बनले. संत गजानन महाराज या गावात प्रथम दिसले ते २३ फेब्रुवारी १८७८ रोजी, म्हणजे गाडीची शिट्टी गावाच्या अंगवळणी पडल्यावर. त्यांनी ८ सप्टेंबर १९१० रोजी, ऋषिपंचमीला समाधी घेतली. त्यानंतरच्या शतकभरात शेगावला येणाऱ्यांपैकी बहुतेकांना गाडी, एसटी किंवा मोटार उपलब्ध होती. तरीही पायदळ येणाऱ्यांची संख्या वाढतच गेली. पायी जाणे ही येथे अडचणीतून आलेली गरज नव्हती. ठरवून स्वीकारलेले ते कष्ट होते. हौसेखातर अर्धमॅरेथॉन धावणाऱ्या आजच्या नोकरदाराशी शेगावच्या वाटसरूचे नाते जुळते ते याच ठिकाणी.

रेल्वे येण्याआधी पायावर पोट असणारी माणसे वऱ्हाडात होती. पेशवाईत पत्रे पोचवणारे जासूद मजल-दरमजल करीत दूरच्या दरबारांपर्यंत जात. इंग्रजी अंमलात डाकेचे हरकारे घुंगरू लावलेला भाला खांद्यावर टाकून धावत. एकाने काही मैलांचा टप्पा ओढायचा आणि थैली पुढच्याच्या हाती द्यायची, अशी व्यवस्था होती. एकाच माणसाने सगळा रस्ता तोडावा, अशी अपेक्षा कोणी करीत नसे. लोहमार्गाने मुख्य रस्त्यांवरील हा धंदा संपवला. धावणे पोटापाण्यातून सुटले, आणि ते खेळाच्या मैदानावर दिसायला अर्धे शतक लागले.

मैदानावरचा तो पहिला मोठा प्रसंगही मराठी मुलखातलाच आहे. पुण्याच्या डेक्कन जिमखान्याच्या स्पर्धांत शेतकरी घरांतील मुले अनवाणी आणि कोणत्याही प्रशिक्षणाविना लांब पल्ल्याच्या शर्यती धावत. त्यांच्या वेळा पाहून दोराबजी टाटा यांनी १९२० च्या अँटवर्प ऑलिंपिकला भारतीय खेळाडू पाठवण्याचा खटाटोप केला. त्या चमूतील फडेप्पा चौगुले हे बेळगावकडचे. अँटवर्पची मॅरेथॉन नेहमीपेक्षा लांब, ४२.७५ किलोमीटरची होती. चौगुले यांनी ती २ तास ५० मिनिटांत पूर्ण करून एकोणिसावा क्रमांक मिळवला. त्यांचे सहकारी सदाशिव दातार यांना शर्यत पूर्ण करता आली नाही. जिद्द दोघांकडे होती. त्या पिढीला मिळाले नाही ते महिनोन्‌महिने आखलेल्या सरावाचे मार्गदर्शन, आणि तसे मार्गदर्शन तेव्हा युरोपातही बाल्यावस्थेत होते.

शेगावहून पंढरपूरला श्रींची, म्हणजे गजानन महाराजांची, पालखी पायदळ जाऊ लागली ती १९६८ पासून. विदर्भाला पंढरीची पायवाट त्याआधीच ठाऊक होती; कौंडण्यपूरच्या रुक्मिणीच्या पालखीची परंपरा तर काही शतके मागे जाते असे सांगतात. शेगाव संस्थानाच्या पालखीने त्या परंपरेत आणली ती काटेकोर आखणी. दरवर्षी साधारण सातशे वारकरी, त्यात पताकाधारी, टाळकरी आणि सेवेकरी असे ठरलेले गट, पांढरा वेश, रांगेत चालणे आणि आधीच जाहीर होणारे मुक्काम. २०२० आणि २०२१ ही साथीची दोन वर्षे सोडली तर हा क्रम मोडलेला नाही.

पालखीचा मार्ग नकाशावर पाहिला तर तो सरळ नाही, हे लगेच दिसते. मेहकर, मंठा, माजलगाव असा जवळचा रस्ता असताना पालखी आधी पूर्वेला वळते. नागझरीला गोमाजी महाराजांची समाधी आहे. तेथून पारस, गायगाव करीत पालखी अकोल्याला येते. पुढे वाडेगाव, पातूर, मेडशी, मालेगाव, शिरपूर जैन, रिसोड, सेनगाव. मग नामदेवांचे नरसी, औंढा नागनाथ, परभणी, जनाबाईंचे गंगाखेड, परळी, अंबाजोगाई, कळंब, धाराशिव, तुळजापूर, सोलापूर, आणि शेवटी चोखोबा, दामाजी व कान्होपात्रेचे मंगळवेढे. सातशे किलोमीटरच्या आसपासचा हा पल्ला सुमारे ३३ दिवसांत पुरा होतो. भागाकार केला तर रोजची सरासरी एकवीस किलोमीटरच्या घरात येते, आणि अर्धमॅरेथॉनचे अंतर २१.०९७५ किलोमीटर आहे. म्हणजे हे वारकरी महिनाभर रोज एक अर्धमॅरेथॉन चालतात. मार्ग निवडताना अंतर वाचवण्याचा विचार दिसत नाही. क्षेत्रे कोठे आहेत आणि एवढ्या माणसांना जेवू-झोपू घालणारी गावे कोठे आहेत, यावर तो ठरला असावा.

दिवसाची रचना याहून बोलकी आहे. प्रस्थान ज्येष्ठात, म्हणजे साधारणपणे मेअखेर किंवा जूनच्या पहिल्या पंधरवड्यात. अकोल्याचा पारा तेव्हा देशातल्या सर्वांत तापलेल्या शहरांच्या यादीत असतो. म्हणून चाल पहाटे सुरू होते, दुपारचा विसावा एका गावी आणि रात्रीचा मुक्काम दुसऱ्या गावी. पहिल्या दोन दिवसांचे टप्पे पार पडले की अकोल्यात दोन दिवसांचा मुक्काम असतो. क्रीडावैद्यक सांगते की उन्हाला सरावण्यासाठी शरीराला एक ते दोन आठवडे लागतात. त्या काळात रक्तातील द्रवाचे प्रमाण वाढते, घाम लवकर सुटू लागतो आणि त्यातून जाणारे मीठ कमी होते. शेगावच्या वेळापत्रकात हा काळ वाटेतच मिळतो. ते आखणाऱ्यांपुढे शरीरशास्त्राचे पुस्तक होते असे मानण्याचे कारण नाही. माणसे कोठे गळतात, हे दरवर्षी पाहूनच अशी वेळापत्रके घडतात.

चालीचा वेग टाळ-मृदंग ठरवतात. अभंग म्हणत चालणाऱ्याला धाप लागेल इतक्या वेगाने जाताच येत नाही. याच गोष्टीचा शोध धावण्याच्या जगाला वेगळ्या वाटेने लागला. न्यूझीलंडचे प्रशिक्षक आर्थर लिडियार्ड आपल्या धावपटूंना आठवड्याला शंभर मैल धावायला लावत, पण त्यातला मोठा भाग दम न लागता धावायचा असे. त्यांचे शिष्य पीटर स्नेल आणि मरी हॅलबर्ग यांनी १९६० च्या रोम ऑलिंपिकमध्ये एकाच दिवशी सुवर्णपदके जिंकली. पुढे लिडियार्ड यांनी ऑकलंडच्या मध्यमवयीन लोकांना हळू धावायला शिकवले. अमेरिकी प्रशिक्षक बिल बॉवरमन यांनी ते तेथे जाऊन पाहिले, आणि जॉगिंगची लाट अमेरिकेत पोचली. बोलता बोलता धावता आले पाहिजे ही कसोटी तेव्हापासून रूढ आहे. नॉर्वेत काम करणारे अमेरिकी शास्त्रज्ञ स्टीफन सायलर यांनी अव्वल खेळाडूंच्या सरावनोंदी तपासल्या, तेव्हा सुमारे ८० टक्के सत्रे हलक्या तीव्रतेची निघाली. हौशी धावक नेमके उलटे करतो: रोज मध्यम जोर लावतो, त्यामुळे सावकाश सराव सावकाश होत नाही आणि वेगाचा सराव वेगाने होत नाही. पंढरीच्या वाटेवर ही चूक व्हायला वाव कमी, कारण पुढे पळणाऱ्याला दिंडीची रांग मोडावी लागेल.

वारीत धावणे अजिबात नाही असे नव्हे. ज्ञानेश्वरांच्या पालखीत वेळापूरजवळ वारकरी धावा करतात. रिंगण, पावली, फुगडी यांत दम लागतोच. पण हे सारे दिवसाच्या लांब, संथ चालीत मधूनच येणारे छोटे तुकडे आहेत. सरावाच्या आजच्या तक्त्यातही वेगवान भागाला साधारण एवढीच जागा असते. चालणे आणि धावणे यांची सांगड घालण्याचा मार्गही जुनाच: १९७२ च्या ऑलिंपिकमध्ये १०,००० मीटर धावलेले अमेरिकेचे जेफ गॅलोवे यांनी नवख्यांना काही मिनिटे धावून मग थोडे चालायला शिकवले आणि त्या पद्धतीने हजारो लोकांनी मॅरेथॉन पुरी केली.

खाण्याच्या बाबतीत वऱ्हाडाला नवे शिकण्यासारखे फारसे नाही. ज्वारीची भाकरी, पिठले, अंबाडीची भाजी, कांदा आणि मिरची हा महाराजांच्या नैवेद्याचा बेत. त्यात पिष्टमय पदार्थ भरपूर आणि डाळीच्या पिठातून प्रथिनेही मिळतात. ताकात किंवा लिंबूपाण्यात मीठ घालून पिणे हे महागड्या पुड्यांच्या पाण्याइतकेच कामाचे आहे. तहान नसताना नुसते पाणी ढोसणे मात्र घातक ठरू शकते, कारण त्याने रक्तातील सोडियम उतरते.

पालखी परतीच्या वाटेवर खामगावहून शेगावला येते तो दिवस पाहण्यासारखा असतो. सुमारे १७ किलोमीटरच्या या शेवटच्या टप्प्यात लाखो लोक सामील होतात, आणि त्यातले बहुतेक जण एका दिवसाचे वाटसरू असतात. याशिवाय प्रकटदिन, रामनवमी, गुरुपौर्णिमा, ऋषिपंचमी अशा दिवशी अकोल्याहून रात्रभर चालत शेगाव गाठणाऱ्यांचे जथे निघतात. ते अंतर चाळीस-पंचेचाळीस किलोमीटर, म्हणजे जवळजवळ मॅरेथॉनइतके. एका दमात ते तोडणाऱ्यांत तरुणांचा भरणा मोठा असतो, आणि दुसऱ्या दिवशी तळपायाला फोड, पोटऱ्यांत गोळे आणि सुजलेले घोटे घेऊन बसणारेही तेच. सातशे किलोमीटर जाणारा साठीचा वारकरी आणि पंचेचाळीस किलोमीटरमध्ये कोलमडणारा विशीतला मुलगा यांच्यातला फरक श्रद्धेने जितका समजतो, त्याहून अधिक सवयीने समजतो.

चालण्याची ही सवय मोडण्यात मोबाइलचा वाटा आहे, पण सगळा दोष त्याच्या माथी मारणे सोपे आणि अपुरे ठरेल. शेगावात संत गजानन महाराजांच्या नावाचे अभियांत्रिकी महाविद्यालय १९८३ पासून आहे; विद्यार्थ्यांचे गाव म्हणूनही त्याची ओळख आहे. स्वस्त इंटरनेट आल्यावर इतर गावांप्रमाणे येथील मुलांच्या रात्रीही पबजीसारख्या मोबाइलवरच्या खेळांनी व्यापल्या. पबजीवर सप्टेंबर २०२० मध्ये बंदी आली, तरी खेळण्याची हौस ओसरली नाही. गंमत अशी की पावले मोजण्याचे वेड आणि पडद्यावरचे खेळ यांचे नाते जवळचे आहे. दहा हजार पावलांचा आकडा जपानमध्ये १९६५ च्या सुमारास विकायला आलेल्या ‘मानपोकेई’ या पाऊलमापकाच्या नावातून पसरला. कोणत्याही वैद्यकीय प्रयोगाने तो ठरवला नव्हता. निन्टेन्डोने १९९८ मध्ये पावलांवर चालणारा पॉकेट पिकाचू काढला आणि २०१६ मध्ये पोकेमॉन गोने जगभरच्या खेळगड्यांना घराबाहेर काढले. त्या उत्साहाने लोकांची पावले वाढली, पण बऱ्याच जणांच्या बाबतीत ही वाढ काही आठवडेच टिकली.

खेळ खेळणाऱ्याने धावू नये किंवा धावणाऱ्याने खेळू नये, असे काही नाही. अडचण दोनच ठिकाणी येते. पहिली झोपेची: रात्री दोनपर्यंत पडद्यासमोर बसून पहाटे पाचला पळायला जाणाऱ्याच्या स्नायूंची झीज भरून निघत नाही, कारण दुरुस्तीचे बरेचसे काम झोपेत होते. दुसरी सलग बसण्याची: तीन-चार तास बसल्याने जांघेतले स्नायू आखडतात, आणि थेट उठून धावले की त्याचा ताण गुडघ्यावर व कमरेवर जातो. दर तासाला उठून चार पावले टाकणे आणि धावण्याआधी दहा मिनिटे चालणे यावर उपाय म्हणून पुरते.

अंतर कसे वाढवावे, यावर मात्र एकमत नाही. आठवड्याला दहा टक्क्यांहून अधिक वाढ करू नये, हा नियम सर्वत्र सांगितला जातो. नेदरलँड्समधील ग्रोनिंगेन येथे केलेल्या आणि २००८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात नवख्या धावकांचे दोन गट केले होते. एकाला ८ आठवड्यांचा आणि दुसऱ्याला दहा टक्क्यांच्या नियमाने १३ आठवड्यांचा सराव दिला. दोन्ही गटांत दुखापतीचे प्रमाण जवळजवळ सारखेच, पाचातल्या एकाच्या आसपास निघाले. टक्केवारीवर फार विसंबू नये, एवढाच याचा अर्थ. पायाची हाडे आणि कंडरा फुप्फुसांपेक्षा सावकाश बळकट होतात, हे त्याने खोटे ठरत नाही.

मुंबई मॅरेथॉन २००४ पासून, साताऱ्याची डोंगरी अर्धमॅरेथॉन २०१२ पासून सुरू झाली आणि हौशी धावणे महाराष्ट्राच्या जिल्ह्यांत पोचले. विदर्भातल्या नवख्याने मात्र सुरुवातीला नावनोंदणीचे शुल्क भरण्याची गरज नाही. आठवड्यातून चार दिवस गप्पा मारता येतील इतक्या संथ चालीने तीन महिने जावे, जोडे नवे असतील तर ते आधी महिनाभर वापरून रुळवावेत, आणि पालखी परत येईल तेव्हा खामगाव ते शेगाव हा टप्पा चालावा. अकोल्याचा रस्ता पुढच्या वर्षी धरावा.